ओएमजी १९१७ सालचं, मग सा. न. वि. वि. कधीचं?

प्रश्न थोडक्यात असा. मुलगी अकरावीत, कोल्हापुरातच शिकते. तिच्या व्हॉट्सअॅपवरच्या ‘जीएम’, ‘टीसी’, ‘ओएमजी’, ‘जे१ झालं का’ या भाषेवरून घरात आजोबा आणि नात यांची रोज जुंपते. नातीनं कुठूनतरी शोधून काढलं की ओएमजी १९१७ सालचं आहे, म्हणजे आजोबांपेक्षाही म्हातारं. आजोबा निवृत्त मुख्याध्यापक. ते म्हणतात, इंग्रजांचं इंग्रजांना लखलाभ, मराठीत असला आळशीपणा कधी नव्हता. विचारणाऱ्या ताईंना हवंय ते हे, की दोघांत बरोबर कोण, आणि घरात पडलेल्या पणजोबांच्या मोडी कागदांतही अशी अर्धी अक्षरं असतात का.

मी मोडी वाचतो. लोक जमिनीचे, वतनाचे, देवस्थान इनामाचे कागद घेऊन येतात आणि मी त्यांचं बाळबोधात म्हणजे देवनागरीत लिप्यंतर करून देतो. या कामात निम्मी झटापट संक्षेपांशीच असते, म्हणून लिहायला बसलोय. ताई, नातीची माहिती बरोबर आहे, पण त्यावरून तिनं काढलेला अर्थ अर्धाच बरोबर आहे. आजोबांचं ‘मराठीत नव्हतं’ हे मात्र साफ चूक. तरी त्यांचा राग सगळाच फुकटचा नाही, त्याकडे नंतर येतो.

तुमच्या प्रश्नात खरं तर दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेत. एक, ही अक्षरं पूर्वी कुणी लिहिली होती का? दुसरा, तेव्हाचं ते आजच्याचं मूळ आहे का? पहिल्याचं उत्तर ‘हो’ आलं की लोक दुसऱ्याचंही ‘हो’ धरून चालतात. घोळ तिथंच होतो.

ओएमजीचंच घ्या. जॉन फिशर हे ब्रिटिश आरमाराचे माजी सर्वोच्च अधिकारी. १९१५ साली डार्डनेल्सच्या मोहिमेवरून त्यांनी राजीनामा दिला होता. ९ सप्टेंबर १९१७ रोजी त्यांनी विन्स्टन चर्चिलना पत्र लिहिलं. त्या साली इंग्लंडात नवनव्या किताबांची खैरात चालू होती. ऐकतो की नाइटहुडचा आणखी एक प्रकार निघतोय, असं म्हणून त्यांनी पुढं ‘ओ. एम. जी.’ लिहिलं आणि कंसात फोड दिली, ‘ओह! माय गॉड!’ मग म्हणतात, आरमाराच्या कचेरीवर पाडा पाऊस त्याचा! पत्र खरं आहे, फिशर यांच्या हयातीतच छापून आलेलं आहे. म्हणजे आज सापडतो तो पहिला ओएमजी एका ७६ वर्षांच्या दर्यावर्दी म्हाताऱ्यानं लिहिलाय. आजोबांना हे जरूर सांगा.

पण मी त्या पत्रात आधी कंस बघतो. फोड दिलीय याचा अर्थ वाचणाऱ्याला ती माहीत असेल याची लिहिणाऱ्याला खात्री नव्हती. चलनात असलेल्या संक्षेपाची कुणी फोड देत बसत नाही, तुम्ही तरी पत्त्यावर ‘मु. पो.’ लिहून पुढं ‘मुक्काम पोस्ट’ कधी लिहिलंत? म्हणजे फिशर यांनी तिथल्या तिथं केलेली ती गंमत असण्याचीच शक्यता जास्त. त्यानंतर ओएमजी जे ठळक दिसतं ते थेट १९९० च्या दशकात, संगणकावरच्या चर्चागटांत. मधली सत्तर-पंचाहत्तर वर्षं कोरी. आता समजा १९१७ च्या कागदावर ‘रामा’ नावाचा एक खातेदार आहे आणि १९९४ च्या सातबाऱ्यावर दुसरा ‘रामा’ आहे, मधे एकही फेरफार नाही. तलाठी वारस लावेल का? नाव तेच आहे एवढ्यावर नाही लावणार. शब्दांच्या बाबतीत मी तलाठ्याइतकाच चिवट आहे. मधली नोंद दाखवा, मग वारस म्हणा.

ही मधली नोंद ज्याची अगदी नीट लागते तो म्हणजे ‘ओके’. २३ मार्च १८३९ च्या ‘बॉस्टन मॉर्निंग पोस्ट’ या वर्तमानपत्रात तो पहिल्यांदा छापलेला सापडतो, आणि तिथंही सोबत ‘ऑल करेक्ट’ अशी फोड आहे. आता ‘ऑल करेक्ट’चा ओके कसा होईल? तर त्या सुमारास बॉस्टनच्या पत्रकारांना खूळ लागलं होतं. मुद्दाम अशुद्ध लिहायचं आणि त्या अशुद्धाची आद्याक्षरं करायची. ‘ओल कोरेक्ट’चं ओके, ‘ओल राइट’चं (राइट डब्ल्यूपासून लिहून) ओ. डब्ल्यू. नाद खुळा म्हणतात तो हाच. पुढच्याच वर्षी, १८४० ला, अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक आली. मार्टिन व्हॅन ब्युरेन यांचं गाव किंडरहूक, म्हणून समर्थकांनी त्यांना ‘ओल्ड किंडरहूक’ केलं आणि ओके नावाचे क्लब काढले. ते पडले, ओके मात्र घरोघर पोचला. मग तारखात्याच्या लोकांनी तो उचलला. हा सगळा माग अॅलन वॉकर रीड या अभ्यासकानं जुनी वर्तमानपत्रं चाळून १९६३-६४ मध्ये लावला. त्याच्या आधी ओकेच्या जन्माच्या डझनभर कथा होत्या आणि सांगणारा प्रत्येकजण छातीठोकपणे सांगायचा. ओकेबरोबर जन्मलेली बाकीची पिलावळ दोन-चार वर्षांत मेली, हेही लक्षात ठेवण्यासारखं आहे.

एलओएल तुलनेनं पोरच आहे. हसण्याच्या अर्थानं त्याची जुनी नोंद मे १९८९ ची, फिडोनेट नावाच्या संगणक जाळ्याच्या वार्तापत्रातली. त्याच्या आधी हीच तीन अक्षरं इंग्रजीत ‘छोटीशी म्हातारी बाई’ या अर्थानं चालायची. त्या म्हातारीचा आणि हसण्याचा काही संबंध नाही. ऑक्सफर्डच्या कोशकारांनी ओएमजी आणि एलओएल दोन्ही मार्च २०११ मध्ये कोशात घेतले, तेव्हाच फिशर यांचं पत्र जगभर गाजलं.

जाता जाता एक सावधगिरी. व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या ‘या शब्दाचा फुल फॉर्म माहीत आहे का’ छापाच्या पोस्टवर मुळीच विश्वास ठेवू नका. न्यूज म्हणजे चार दिशांची आद्याक्षरं, पॉश म्हणजे बोटीवरच्या डाव्या-उजव्या केबिनी, टिप म्हणजे तत्परतेची हमी, ही सगळी मागाहून रचलेली आहेत. एसओएस या संकटातल्या हाकेचंही तसंच. १९०६ च्या बर्लिनच्या परिषदेत तो आंतरराष्ट्रीय ठरला तो तीन टिंबं, तीन रेघा, तीन टिंबं हा ठेका गोंगाटातही ओळखू येतो म्हणून. ‘आमचे जीव वाचवा’ हे त्याला नंतर चिकटवलं. आद्याक्षरं जोडून नवाच शब्द उच्चारायची चाल मुख्यतः विसाव्या शतकातली. त्यामुळं ‘हा शब्द चारशे वर्षांपूर्वी अमक्या आद्याक्षरांवरून झाला’ असं कुणी म्हणालं की मी चहा मागवतो आणि विषय बदलतो.

आता आपल्याकडं या. आजोबांना त्यांच्या वडिलांना लिहिलेलं पत्र आठवायला सांगा. ‘ती. स्व. बाबांस शि. सा. न. वि. वि.’ तीर्थस्वरूप, शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष. एका ओळीत सहा-सात संक्षेप, आणि पत्राचा मजकूर अजून सुरूही झालेला नाही! पुढं चि., सौ., गं. भा., कै., ह. मु., आणि शेवटी ता. क. मुख्याध्यापकांनी वर्षानुवर्षं मुलांकडून हे घोकून घेतलं, चुकलं तर गुण कापले. हा सगळा डोलारा मोडी पत्रव्यवहारातून सरळ चालत आलाय. पेशवाईतल्या पत्रांतही सुरुवातीला हाच ‘नमस्कार विनंती’ असतो, त्यामागून ‘उपरी येथील कुशल जाणून स्वकीय कुशल लिहीत जाणे’. इथं मधल्या नोंदी भरपूर आहेत, वारस लावायला मी तयार आहे.

गंमत म्हणजे रोमन लोकही पत्राच्या तोंडाशी ‘तू बरा असशील तर छान, मी बरा आहे’ असं लॅटिनमध्ये लिहीत, आणि ते इतकं नेहमीचं झालं की नुसती आद्याक्षरं लिहून मोकळे होत. पहिल्या शतकात सेनेका हा रोमन लेखक या वाक्याला जुन्यांची चाल म्हणतो. आज पोरं ‘एचआरयू’ लिहितात तेही कुशलच विचारतात. तीन टोकांचे तीन समाज, एकमेकांकडून कुणी काही घेतलेलं नाही, आणि तिघांनीही कापलं ते कुशलाचंच वाक्य. कारण ते वाक्य कुणी वाचतच नाही, ते फक्त असावं लागतं.

मोडीतला संक्षेप लिहायची पद्धत बघण्यासारखी आहे. पहिलं अक्षर लिहायचं आणि पुढं दोन उभ्या रेघा ओढायच्या. मौजे या शब्दाचं मौ॥, सुहूर सन या जुन्या कागदांतल्या सालगणनेचं सु॥. मुसलमानी महिन्याच्या तारखेआधी नुसता छ, तो चंद्राचा. सगळ्यांत मला आवडतात ती महिन्यांची नावं. रबिलावलचं रा॥वल, रबिलाखरचं रा॥खर, जमादिलावलचं जा॥वल, जमादिलाखरचं जा॥खर. डोकं आणि शेपूट ठेवायचं, मधलं धड उडवायचं. पोरं ‘थँक्स’चं ‘टीएचएक्स’ आणि ‘मेसेज’चं ‘एमएसजी’ करतात ती हीच युक्ती. आणि कारकुनाचं शेपटाकडं लक्ष बघा. वल आणि खर हाच पहिल्या-दुसऱ्या महिन्यातला फरक, तेवढा त्यानं राखला. आळशी माणसाला हे सुचत नाही.

याहून मागं जायचं तर शिलालेखांत जा. कुषाणकाळातल्या ब्राह्मी लेखांत संवत्सराला नुसतं ‘सं’, ग्रीष्माला ‘ग्रि’, हेमंताला ‘हे’, दिवसाला ‘दि’ कोरलेलं आहे. दगडात छिन्नीनं अक्षर काढायचं म्हणजे प्रत्येक अक्षराला घाम. आजच्या सरकारी पत्रावरचा ‘दि.’ हा त्याच ‘दि’चा वारस आहे असं मात्र मी म्हणणार नाही, आजचा दिनांकाचा आहे आणि मधली साखळी माझ्या डोळ्यांसमोर नाही. पण ‘शुदि’ आणि ‘वदि’ यांची साखळी पक्की आहे. शुद्ध किंवा शुक्ल पक्षातला दिवस तो शु-दि, बहुल म्हणजे कृष्ण पक्षातला दिवस तो ब-दि, त्याचंच वदि. लेखांतून, ताम्रपटांतून, वह्यांतून हे संक्षेप इतके चालले की लोक ते सरळ शब्द म्हणून बोलू लागले. गुजराती व्यापाऱ्याच्या तोंडचं सुद आणि वद तेच. कारकुनी काटकसरीतून निघालेला शब्द दीड हजारांहून जास्त वर्षं जगतो, याला म्हणतात जुनं.

आता ‘जे१’कडं येऊ. रोमन जे, पुढं इंग्रजी एकचा आकडा, वाचायचं जेवन म्हणजे जेवण. हे शुद्ध मराठी डोक्यातून निघालंय आणि नवंच आहे, त्याला कुठली परंपरा चिकटवू नका. युक्ती तेवढी जुनी. १८६७ च्या एका इंग्रजी संग्रहात ‘टू’साठी दोनचा आकडा आणि ‘यू’साठी एकच अक्षर वापरून रचलेली अख्खी कविता छापलेली आहे, केटी जे नावाच्या मुलीला उद्देशून. त्या कवीला मोबाइल द्यायला हवा होता.

लोक कापतात कशासाठी, याचं एकच कारण नाही, आणि इथं परिस्थिती बघावी लागते. छिन्नीला घाम होता, बोरूला वेळ होता, तारेला प्रत्येक शब्दामागं पैसे होते. अमेरिकेत तर तारयंत्रावरून बातम्या पाठवण्यासाठी १८७९ साली संक्षेपांची पुस्तिकाच निघाली, तिथल्या सर्वोच्च न्यायालयाला म्हणतात तो ‘स्कॉटस’ त्यातलाच. आपली तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. तोवर एसएमएसनं तीच काटकसर मोबाइलवर आणली होती. रोमन अक्षरांत एका संदेशात १६० अक्षरं बसत, देवनागरीत फक्त ७०, कारण देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला सोळा बिट लागत. म्हणजे मराठीत मराठी लिहिलं की एकाच्या जागी दोन-तीन संदेशांचे पैसे. वर दिवाळीला स्वस्त पॅक बंद. आपल्या पोरांनी मराठी रोमनमध्ये आणि स्वर गाळून लिहायला सुरुवात केली त्यात या हिशेबाचा मोठा वाटा आहे. भाषा बुडवायचा कट वगैरे काही नव्हता.

पण आज व्हॉट्सअॅप फुकट आहे, तरी कापतातच. तिथं पैसा हे कारण उरत नाही, बॉस्टनच्या पत्रकारांनाही ते नव्हतं. तिथं घाई असते, समोरचा वाट बघतोय अशी. आणि ‘आमच्यातला आहेस तर कळेल’ ही ऐट असते. कोल्हापूरकरानं ही ऐट ओळखायला वेळ लावू नये. आपण ‘पीटीएम’ म्हणतो तेव्हा पाटाकडील तालीम मंडळ, शाहू स्टेडियम आणि शिट्ट्या आठवतात. पुण्यातल्या आईला त्याच तीन अक्षरांनी शाळेतली पालकसभा आठवून पोटात गोळा येतो. ‘सीपीआरला नेलंय’ हे वाक्य गावातल्याला छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय सांगतं, बाहेरचा डॉक्टर म्हणेल, छाती दाबताय की काय? नातीचा ‘टीसी’ तिच्या मैत्रिणीला काळजी घे असं सांगतो. आजोबांना त्यात रेल्वेतला काळा कोट दिसतो, यात आजोबांचा काय दोष?

आजोबांच्या रागातला खरा भाग हाच आहे. संक्षेप चालतो तो दोघांकडं किल्ली असेपर्यंत. ती एकाकडून हरवली की काय होतं ते माझ्याकडं येणारे लोक बघतात. जुन्या कागदात नावाआधी ‘रा. रा.’ असेल तर राजमान्य राजश्री, नावानंतर ‘रा. कागल’ असेल तर राहणार. जागा बदलली, अर्थ बदलला. जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदीत ‘कु’ दिसला तर तो जातीच्या रकान्यात आहे की नावाआधी आहे, यावर कुणबी की कुमार हे ठरतं. सरकारनं २०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू केला तेव्हा मोडीवाल्यांना एकदम भाव आला तो असल्या अक्षरांमुळंच. त्या दोन उभ्या रेघांचंही तसंच, अक्षरानंतर आल्या तर संक्षेप, आकड्यानंतर आल्या तर आठ आणे. १॥ म्हणजे दीड.

आणखी एक फरक आजोबांच्या बाजूचा. जुना कारकून कापायचा ते नमस्कार, किताब, महिने, गावाचा प्रकार. रक्कम, चतुःसीमा, कोणी कोणाला काय दिलं, हे तो पूर्ण लिहायचा, रक्कम तर अंकी आणि अक्षरी दोनदा. मधलं धड उडवणारा तोच माणूस मुद्द्याला हात लावायचा नाही. नातीला भाषणं देण्यापेक्षा एवढं सांगा की मैत्रिणींत जे१ खुशाल लिही, बाईंना अर्ज लिहिताना लिहू नको. तिला हे कळतं, बहुतेक मुलांना कळतं. आणि आजोबांनाही सांगा की लग्नपत्रिकेवर ‘चि. सौ. कां.’ छापणाऱ्या किती जणांना ‘कां.’ म्हणजे कांक्षिणी हे माहीत असतं ते एकदा छापखान्यात विचारून बघा.

राहिला तुमच्या पणजोबांच्या कागदांचा प्रश्न. हो, त्यांत अशी अक्षरं असणारच, जवळजवळ प्रत्येक ओळीत. वाचून घ्यायचे असतील तर आधी फोटो काढा, पुढचा आणि मागचाही, कोरा दिसला तरी. पत्र कधी मिळालं त्याचा ‘पै॥ छ’ असा पैवस्तीचा शेरा बऱ्याचदा पाठीवर असतो आणि तारीख लागायला तोच उपयोगी पडतो. लॅमिनेशन करू नका, चिकटपट्टी लावू नका. कागद रुमालात एकत्र बांधलेले असतील तर त्यांचा क्रम मोडू नका, कारण एका कागदावर अडलेला संक्षेप त्याच कारकुनानं शेजारच्या कागदावर पूर्ण लिहिलेला सापडतो. फोड करायचा तोच सगळ्यांत भरवशाचा मार्ग, कोशाहूनही. आणि वाचणारा कुणीही असो, त्याच्याकडून संक्षेप मुळात आहे तसाच ठेवून त्याची फोड चौकटी कंसात लिहून मागा. कंस नसलेलं लिप्यंतर हातात आलं तर मूळ कागदावर काय आहे आणि वाचणाऱ्यानं काय घातलं हे तुम्हालाही सांगता येणार नाही आणि वकिलालाही. ते तसंच परत पाठवा.